आत्याच्या हातगोष्टी माझ्यामागे कशा चालवायच्या

आधीच माफी मागते. माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे आणि टायपिंग दोन बोटांचं आहे. एक ओळ होईपर्यंत चहा निवतो. शाळा नववीत सोडली, त्यामुळे जिथे चूक दिसेल तिथे बरोबर शब्द मनात धरून पुढे जावं. फक्त कोणी हे माझ्यासमोर मोठ्याने वाचू नये, एवढी विनंती.

तर मी, खाली सही करणारी, वय अठरा पूर्ण आणि वर सहा दिवस, हे माझं मृत्युपत्र लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. तब्येत ठणठणीत आहे, फक्त नाकातलं हाड वाकडं आहे आणि ते येत्या गुरुवारी सरळ करणार आहेत. मला कोणी दटावलेलं नाही, कोणी फूस लावलेली नाही. उलट माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, सकाळपासून हसतोय.

"नाक सरळ करायला चाललीस की राज्य वाटायला?" तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं की भूल द्यायच्या आधी दवाखान्यात जो कागद सही करायला देतात तो मी सगळा वाचला. बाकीचे लोक वाचत नाहीत, नुसती सही करतात. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात जे लिहिलंय ते वाचून मला रडू वगैरे नाही आलं. पण असं वाटलं की आपण गेलो तर माझ्या व्हिडिओंच्या काळ्या डिस्कमध्ये काय आहे हे या घरात कोणालाच कळणार नाही, आणि दादा पहिल्याच आठवड्यात "जरा जागा करतो" म्हणून सगळं उडवून मोकळा होईल. म्हणून हे.

कोर्टाबाहेर टायपिंगला बसतात त्या काकांकडे मी दादालाच पाठवलं, कारण अनोळखी माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. काका म्हणाले, वय अठरा पूर्ण हवं, साक्षीदार दोन हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. मग त्यांनी विचारलं, "मुलगी फार आजारी आहे का?" दादा म्हणाला, "नाही, नाक आहे." काका म्हणाले, "मग सावकाश लिहू दे."

सावकाशच लिहितेय. आज शनिवार.

कलम १. माझी माणसं आणि माझी राहती जागा

घर माझं नाही, आत्याचं आहे. ते देता येत नाही, पण त्यातली स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारची जागा माझी आहे असं सगळे मानतात. आई-बाबा दोघं दुसऱ्या गावी कारखान्यात आहेत, महिन्यातून एकदा येतात. दादा आणि मी लहानपणापासून आत्याकडे.

आत्याला ऐकू येत नाही, जन्मापासून. ती हातांनी बोलते. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत तिने सव्वीस वर्षं शिकवलं. मी या कागदात "आत्या म्हणाली" असं लिहीन तिथे ती हातांनी म्हणाली असं समजावं. मीही घरात हातांनीच जास्त बोलते. तोंडाने बोलताना मला धाप लागते, हातांनी लागत नाही. हातांनी मी चक्क भांडते.

आमच्यात प्रत्येकाला हाताचं एक नाव असतं. दादाचं नाव म्हणजे केसांवरून हात फिरवणं, कारण तो दिवसभर तेच करतो. माझं नाव म्हणजे नाकावरून खाली एक बोट. गुरुवारनंतर नाक सरळ झालं तर नाव बदलायचं का, असं आत्याने विचारलंय. मी म्हटलं, नको, सवय झालीय.

कलम २. लॅपटॉप

माझा लॅपटॉप दादाला. त्याची बिजागरी तुटलेली आहे, मागे जाड पुस्तक लावल्याशिवाय झाकण उभं राहत नाही. ते पुस्तक म्हणजे माझं नववीचं भूगोलाचं. तेही त्यालाच. हेडफोन त्याला देत नाही, एकाच कानात वाजतो आणि त्यावरून तो मला दोन वर्षं चिडवतोय. हेडफोन कचऱ्यात टाकावा. का, ते कलम ७ मध्ये आहे.

कलम ३. वही

ही माझी खरी इस्टेट. निळ्या पुठ्ठ्याची, वर "कोणाकडे काय चालतं" असं लिहिलंय.

आधी सांगते ही वही का झाली. आत्या निवृत्त झाली आणि काही वर्षांनी तिला करमेना. मग दर रविवारी ती स्वयंपाकघरात निळी चादर मागे टांगून एक गोष्ट हातांनी सांगायला लागली आणि मी ती माझ्या फोनवर काढायला लागले. आम्ही त्यांना हातगोष्टी म्हणतो. आजवर दोनशे चौदा झाल्या. त्या जातात एकोणीस जणांकडे. तिचे जुने विद्यार्थी आहेत, मैत्रिणी आहेत. प्रत्येक जण दुसऱ्या टोकाला, आणि प्रत्येकाची मशीन वेगळी.

एक जण जहाजावर आहे. त्याचा लॅपटॉप म्हातारा आणि नेट पंधरा दिवसांतून एकदा. एक ताई वाचनालयात बसून बघते, तिथल्या कॉम्प्युटरवर नवीन काही टाकू देत नाहीत, जे आहे त्यातच चाललं पाहिजे. एक गणिताचे सर लिनक्स वापरतात आणि दुसरं काही वापरणाऱ्याची त्यांना कीव येते. दोन बहिणी आहेत, एकीकडे मॅक आणि दुसरीकडे फक्त टीव्ही. टीव्हीला मागून पेन ड्राइव्ह लावायचा. त्या पेन ड्राइव्हवर चार जीबीच्या वरची फाइल जात नाही हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

पहिले सहा महिने मी एका गोष्टीच्या सात-सात फाइली करायचे. एक टीव्हीसाठी, एक मॅकसाठी, एक जहाजासाठी. रविवारी काढलेली गोष्ट गुरुवारी पोचायची. आत्या म्हणायची, "मी सांगते वीस मिनिटं आणि तू शिजवतेस चार दिवस." मग मी वही केली. प्रत्येकाला विचारून लिहून घेतलं, काय चालतं, काय नाही, आणि मग बघितलं की सगळ्यांच्या यादीत सारखं काय आहे. एकच निघालं. ते शेवटी लिहिते.

वही वाचनालयातल्या ताईला. ती एकटीच माझ्या अक्षराला हसली नाही.

कलम ४. जुना हिशेब, स्टुडिओवाल्याचा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी फोटो स्टुडिओ आहे. मी शाळा सोडली तेव्हा तिथे काम मागायला गेले होते. म्हणजे दादा बोलला, मी मागे उभी होते. स्टुडिओवाल्याने विचारलं, "हिला काय येतं?" दादा म्हणाला, "कुठलाही व्हिडिओ कुठल्याही मशीनवर चालवून देते." तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "त्यात काय, फाइलच्या नावापुढची अक्षरं बदलायची, झालं." आणि आमच्यासमोर त्याने बदलून दाखवलं. फाइल चालली नाही. तो म्हणाला, कॉम्प्युटर खराब आहे.

ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हे मृत्युपत्र नंतर त्यांनाच वाचायचंय. व्हिडिओची फाइल म्हणजे डबा. एमपी४ हे डब्याचं नाव, एमकेव्ही हे दुसऱ्या डब्याचं. आत चित्र कसं दाबून भरलंय ते वेगळं, त्याला कोडेक म्हणतात. समोरच्या मशीनला डबा उघडता आला पाहिजे आणि आतलं भरलेलं उलगडताही आलं पाहिजे. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून साखरेचं मीठ होत नाही.

स्टुडिओवाल्याला मी माझ्याकडचे सगळे रिकामे पेन ड्राइव्हचे डबे देते. चिठ्ठ्या त्याने स्वतः चिकटवाव्या. एवढं झालं की माझ्याकडून भांडण मिटलं.

कलम ५. शाळेचं

बाईंनी मला उभं करून धडा मोठ्याने वाचायला लावलं आणि मी वाचू शकले नाही, त्यात बाईंचा दोष नाही हे मला आता कळतं. चाळीस जण बघत होते. मी दुसऱ्या दिवशी गेले नाही, मग तिसऱ्या, मग नाहीच. आत्याने महिनाभर वाट बघितली आणि मग विचारलं, "वाचायचं नाही की मोठ्याने वाचायचं नाही?" मी म्हटलं, मोठ्याने. ती म्हणाली, "मग इथे कर. इथे मोठ्याने काही नसतं."

बाईंना माझ्या कुंडीतलं कोरफडीचं रोप. ते मरत नाही.

कलम ६. व्यवस्थापक

या मृत्युपत्राप्रमाणे सगळं होतंय की नाही हे बघायला मी दादाला नेमते. नाइलाज आहे, दुसरं कोणी नाही. पण एक अट. त्याने काहीही "नव्या फॉर्मॅटमध्ये" करू नये. मघाशी परत तेच झालं.

"अगं, नव्यात अर्ध्या जागेत मावतं," तो म्हणाला.

"मावतं, पण चालत नाही."

"माझ्या फोनवर चालतं."

"तू एकोणीस जणांतला नाहीस. तू फुकटचा विसावा."

"बरं बाई. मी विसावा. पण मृत्युपत्रात मला तुटका लॅपटॉप आणि भूगोल?"

"भूगोल ठेव, झाकण पडेल."

हे सगळं हातांनी चाललं होतं म्हणून आत्याने मध्येच विचारलं, कशावरून भांडताय. दादा म्हणाला, "इस्टेटीवरून." आत्या म्हणाली, "मला काय आलंय?"

आणि तिथे मी कागद उलटा ठेवला. कारण आत्याच्या वाट्याला जे यायला हवं ते माझ्याकडे नाही. रविवार उजाडला तरी हे कलम पुढे सरकत नव्हतं. शेवटी दादा बाहेर गेल्यावर लिहिलं. खालचं कलम आता रद्द आहे, तरी मी ते खोडलं नाही. का रद्द केलं ते वाचणाऱ्याला कळायला पाहिजे.

कलम ७ (रद्द, पण वाचावं). आत्याला

आत्याची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टाकीची. ती आठ वर्षांची असताना पाण्याच्या टाकीमागे तिला ऐकू न येणारी दुसरी मुलगी भेटली, आणि दोघींनी मिळून हातांची भाषा काढली, स्वतःची, कोणी न शिकवता. ती गोष्ट आत्याने अगदी सुरुवातीला, वही व्हायच्या आधी, सलग अकरा रविवार सांगितली. अकरा फाइली. फार वेगाने सांगितली, बोटं दिसेनात इतक्या वेगाने, आणि हसत हसत.

मागच्या वर्षी डिस्क भरली. तेव्हा मी सोळा-सतराची होते आणि मला वाटायचं मला सगळं येतं. मी वाचलं होतं की माणूस एका जागी बसून बोलत असेल तर सेकंदाला साठ चित्रं कशाला हवीत, बारा पुरतात. फाइल पाचपट लहान होते. मी त्या अकरा फाइली बाराच्या केल्या. वाचलेल्या जागेतून थोडी आवाजाला दिली, म्हणजे आवाज तरी उत्तम राहील. मग हेडफोन लावून तपासलं. आवाज इतका स्वच्छ होता की स्वयंपाकघरातल्या पंख्याचा खडखडाट आणि दूध उतू जाताना दादाने मारलेली हाक, दोन्ही सुटे सुटे ऐकू येत होते. मी म्हटलं, झकास. आणि मूळ फाइली उडवल्या. पाठवलेल्या प्रती मी ठेवत नाही, आणि लोकांनी त्या बघून केव्हाच पुसल्या होत्या.

चित्राकडे मी बघितलंच नाही. ज्या घरात आवाजाची कोणाला गरज नाही त्या घरात मी कानांनी तपासलं.

महिन्याने उघडून बघितलं तेव्हा आत्या दिसत होती, चादर दिसत होती, आणि हातांच्या जागी वाफ होती. बोटं एका चित्रात इथे, दुसऱ्यात तिथे, मधलं सगळं गेलेलं. शब्द म्हणजे ते मधलंच असतं. एक वाक्य लागेना.

आत्याच्या उजव्या अंगठ्याचा सांधा यंदा आखडलाय. ती बोलते, पण सावकाश. ती गोष्ट तशी परत होणार नाही. पुढच्या रविवारी तिला सत्तर पूर्ण होतात आणि एकोणीसच्या एकोणीस जण येणार आहेत, जहाजावरचा सुद्धा. तिने मला पाच महिन्यांत तीनदा सांगितलंय, "त्या दिवशी टाकीची लाव." मी तिन्ही वेळा म्हटलं, "काम चालू आहे."

काम चालू नाही. त्या फाइली नाहीत. आत्याला मी हे खरं देते, दुसरं द्यायला काही नाही. मी असेन तर मला रागवावं. नसेन तर काळ्या डिस्कवरच्या बाकी दोनशे तीन गोष्टी तिच्या.

सोमवारी काय झालं

हे कलम नाही, नुसतं काय झालं ते.

साक्षीदार म्हणून मी दोघांना ठरवलं होतं. समोरच्या शिवणकामवाल्या काकू, आणि आमच्या खाली दुकान असलेले घड्याळजी. घड्याळजी आत्याच्या वयाचे, त्यांनाही ऐकू येत नाही, एकोणीस जणांतले तेच सर्वांत जवळचे. त्यांचं हाताचं नाव म्हणजे डोळ्याला भिंग लावल्यासारखी गोल केलेली दोन बोटं. मी त्यांना सांगितलं, वाचायची गरज नाही, फक्त मी सही करताना बघायचं आणि खाली सही करायची.

ते म्हणाले, "मी मागचं झाकण न उघडता कुठल्याच गोष्टीला बरं म्हणत नाही." आणि कागद घेऊन बसले. मला पळून जावंसं वाटलं. काकू तेवढ्यात मोठ्यांदा म्हणाल्या, "काय गं, माझ्या नावावर काही आहे का यात?" मी मान हलवली, नाही. "मग चांगलं आहे, सही करते."

घड्याळजी कलम सातवर थांबले. दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "टाकीच्या अकरा? जानेवारी ते मार्च?"

मी म्हटलं, हो.

"त्या मला दिल्या होत्यास. पेन ड्राइव्हवर. दर सोमवारी खाली येऊन."

मी म्हटलं, हो, पण पेन ड्राइव्ह तुम्ही रिकामे करून परत दिले. आणि तुम्ही दर वेळी अंगठा दाखवून म्हणालात, छान.

ते लाजले. सत्तर वर्षांचा माणूस कानापर्यंत लाल झाला. मग हळूहळू हातांनी सांगितलं. पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, कॉम्प्युटर नवा आहे का, आणि ते ऐटीत म्हणाले होते, नवा आहे. नवा नव्हता. पण नवा म्हटल्यामुळे मी त्यांना फोनमधली मूळ फाइलच तशीच द्यायचे, नव्या पद्धतीची, साठ चित्रांची. त्यांच्या मशीनवर पडदा काळा. आवाज येत असणार, पण तो त्यांना कसा कळणार. अकरा सोमवार काळा पडदा बघून अकरा वेळा ते मला छान म्हणाले, कारण बाकी सगळे म्हणत होते आणि आपलाच कॉम्प्युटर मठ्ठ निघाला हे त्यांना सांगवेना.

"मग टाकल्या ना त्या फाइली?" मी विचारलं. घाईत बोटं चुकली, वाक्य दोनदा करावं लागलं.

"बंद पडलेलं घड्याळ मी टाकतो का?" ते म्हणाले.

आम्ही तिघं खाली गेलो. काकूंना काय चाललंय ते कळत नव्हतं पण त्या सुई हातात घेऊनच आल्या. घड्याळजींच्या कॉम्प्युटरमध्ये एक फोल्डर होता, नाव "नंतर बघू". त्यात अकरा फाइली होत्या. मी त्या माझ्या डिस्कवर घेतल्या, वर आणल्या, भूगोल मागे लावला आणि पहिली उघडली.

आवाज बंद केला. नुसतं बघितलं. प्रत्येक बोट होतं. अंगठा होता. आत्या टाकीच्या पाठीमागून डोकावते तिथे तिच्या हाताची पाठसुद्धा दिसत होती. घड्याळजींनी ती गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा बघितली, माझ्या खांद्यावरून, आणि मध्येच हसले. हसायला नको होतं तिथे हसले, पण त्यांना तिथलं काही माहीत होतं जे मला नव्हतं. काकूंना माझ्या तोंडाकडे बघून काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मला घट्ट धरलं आणि सुई मला टोचली.

दहा पूर्ण निघाल्या. अकरावी शेवटच्या चार मिनिटांना तुटलेली. कॉपी होत असताना गिऱ्हाईक आलं म्हणून घड्याळजींनी पेन ड्राइव्ह उपसला होता.

संध्याकाळी मी आत्याला कलम सात वाचायला दिलं. ते तिच्या हातात द्यायचंच होतं. फाइली मिळाल्यात हे आधी सांगितलं असतं तर ती रागावली नसती, आणि मला ते बरोबर वाटलं नाही. पाच महिने मी तिच्याशी खोटं बोलले होते. तिने शेवटपर्यंत वाचलं आणि डोळे मिटले. आमच्या घरात दार आपटणं म्हणजे हे. डोळे मिटले की समोरच्याला एक शब्द बोलता येत नाही. मी समोर उभी राहिले. भाजी करपली. दादाने येऊन गॅस बंद केला आणि पुन्हा गेला. बराच वेळ झाल्यावर तिने एक डोळा उघडला, मी अजून तिथेच आहे का ते बघायला.

तेव्हा मी सांगितलं. दहा आहेत. घड्याळजींकडे. अकरावीचा शेवट नाही.

ती म्हणाली, "कानांनी तपासलंस?"

मी म्हटलं, हो.

"हेडफोन लावून."

हो.

मग ती हसायला लागली. थांबेचना. आत्या हसते तेव्हा तिचा आवाज होतो, तिला माहीत नसतं. दादा परत आला आणि काय झालं विचारायला लागला, आणि तिने त्याला सांगितलं, हेडफोन, पंखा, दूध, सगळं अभिनय करून. तो इतका हसला की खुर्चीवरून घसरला. माझी अशी फजिती कधी झाली नव्हती, आणि इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मंगळवारी, म्हणजे आज, तिने निळी चादर काढली आणि म्हणाली, "शेवट करू." मी म्हटलं, अंगठा? ती म्हणाली, "शेवट सावकाशच असतो." चार मिनिटांचं तिने नऊ मिनिटं सांगितलं. आणि बदललं. आधीच्या शेवटात तिने मैत्रिणीला पहिला शब्द शिकवला असं होतं. आता म्हणाली, तेव्हा मी जरा फुशारकी मारली होती. पहिला शब्द त्या मैत्रिणीने शिकवला. मी तिला धक्का दिला होता आणि ती टाकीत पडता पडता वाचली, आणि तिने जो हात केला त्याचा अर्थ होता "परत कर, मग बघते". तोच आमच्या भाषेतला पहिला शब्द.

मी सेकंदाला साठ चित्रांनी काढलं. काढल्यावर तिथेच उभी राहून डोळ्यांनी पूर्ण बघितलं.

कलम ७ (नवं)

टाकीची गोष्ट, अकरा भाग, तुटलेला अकरावा आणि आजची नऊ मिनिटं धरून, आत्याला. तिच्या हयातीनंतर तिच्या एकोणीसपैकी अठरा जणांना सारखी; घड्याळजी साक्षीदार आहेत, त्यांनी नुसती बघावी. दादाला बघायला परवानगी, उडवायला नाही. माझ्या बारा चित्रांच्या अकरा फाइलीसुद्धा राहू द्याव्यात, वाफेच्या. आत्याला दर वर्षी एकदा हसायला लागतात.

कलम ८. कशा चालवायच्या

हे सर्वांत महत्त्वाचं, म्हणून शेवटी.

मूळ फाइल कधीच बदलायची नाही, उडवायची नाही, ती उद्याच्या मशीनसाठी आहे. काळी डिस्क आत्याच्या कपाटात. नवी निळी डिस्क, तिच्यावर आता सगळ्याची दुसरी प्रत, घड्याळजींच्या दुकानात ठेव म्हणून. त्यांना देत नाही, कारण ते साक्षीदार आहेत आणि टायपिस्ट काका म्हणाले तसं चालत नाही. नुसती ठेवायला दिलीय. दोन डिस्क एका घरात ठेवू नयेत.

पाठवायची प्रत वेगळी करायची. डबा एमपी४. आत कोडेक एच.२६४, नव्यातलं नाही, हेच जुनं. रंग साधे, आठ बिटचे. चित्राची उंची सातशे वीस ठिपके. सेकंदाला तीस चित्रं, एकसारख्या अंतराने, आणि त्याखाली कोणी कितीही पटवलं तरी उतरायचं नाही. जागा कमी पडली तर चित्र लहान करा, हात कापू नका. आवाज असला तर असू द्या. तो पूर्ण काढला तर टीव्हीवाल्या बहिणीचा टीव्ही अडून बसतो, म्हणून साधासा, एएसी पद्धतीने दाबलेला ठेवायचा. फाइल चार जीबीच्या आत. हे जहाजावर चालतं, वाचनालयात चालतं, मॅकवर, टीव्हीवर आणि लिनक्सवाल्या सरांकडे चालतं. आता घड्याळजींकडेही चालतं, काल बघितलं.

यापेक्षा चांगलं काहीतरी निघेल. निघालं तर मूळ फाइलीवरून परत करावं, पण आधी एकोणिसांतल्या सगळ्यात जुन्या मशीनवाल्याला विचारावं. आणि तो छान म्हणाला तरी जाऊन पडदा बघावा.

तपासताना आवाज बंद.

कलम ९. उरलेलं

यात न लिहिलेलं जे काही असेल ते आत्याचं. रविवारी मी असणारच आहे, नाकाला पट्टी लावून. डॉक्टर म्हणाले तीन दिवसांत घरी. तरी लिहिलंय ते लिहिलंय. येत्या रविवारी हे मृत्युपत्र मी एकोणीस जणांना हातांनी सांगणार आहे, पहिल्यापासून, कलम सातसकट. आत्याने सांगितलंय. मी नाही म्हटलं नाही.

हे मी माझ्या मनाने लिहिलं, वाचून बघितलं आणि दोघांच्या देखत सही केली. दोघांनी माझ्या देखत आणि एकमेकांच्या देखत केली. काकूंनी सुई आधी खाली ठेवली.

सही: नाकावरून एक बोट (आणि खाली अक्षरांत)

साक्षीदार पहिले: घड्याळजी. झाकण उघडून बघितलं, बरं आहे.

साक्षीदार दुसऱ्या: शिवणकामवाल्या काकू. मला काही मिळालं नाही हे मान्य.

स्थळ: घड्याळाच्या दुकानावरचं स्वयंपाकघर, खिडकीशेजारी.
तारीख: मंगळवार, ऑपरेशनला दोन दिवस.

ता. क. आत्ताच कळलं, समोरच्या इमारतीची तीन वर्षं बंद असलेली लिफ्ट सुरू झाली. सगळी गल्ली वर-खाली करतेय. दादा रांगेत आहे, मी पण चालले.